कॅथेड्रलच्या घंटा शिकताय? दोरीकडे बघून फसू नका

हँडस्ट्रोक (सॅली धरून ओढणं), बॅकस्ट्रोक (दोरीचं टोक धरून ओढणं), सॅली (दोरीवरचा जाड लोकरी भाग), स्टे (तोंड वर करून उभ्या घंटेला अडवून धरणारा लाकडी दांडा) हे सगळं पहिल्या काही क्लासमध्ये कळलंच असेल, त्यात वेळ घालवत नाही. एकच कडक सूचना, स्टे मोडला तर दोर सोडून द्या. लगेच. धरून राहिलात तर घंटा तुम्हाला वर खेचते. इंग्लंडमधल्या वूस्टर कॅथेड्रलची टेनर, म्हणजे सगळ्यात जड घंटा, जवळपास २.४ टनांची आहे, तिच्याशी ताकदीने भिडायचंच नसतं. पण म्हणून घाबरूही नका, घंटा तोलावर फिरते, किडकिडीत माणसंही ती आरामात वाजवतात.

आता खरी अडचण, जिथे मी कितीतरी महिने अडकले होते. राउंड्स, म्हणजे छोटीपासून मोठीपर्यंत ओळीने सगळ्या घंटा, वाजवताना सांगतात की पुढच्याच्या दोरीवर नजर ठेव आणि तिच्या मागोमाग ओढ. आपण तेच करतो, दरवेळी सारखं अंतर ठेवून, आणि तरी आवाज एकमेकांवर आदळतात. कारण दोर ओढला की लगेच ठोका पडत नाही. घंटा तोंड वर करून उभी असते, ती खाली येऊन पलीकडे वर चढायला लागली की मग लोळी (आतला लोंबता टोला) आदळते, आणि घंटा जेवढी मोठी तेवढा हा वेळ जास्त. म्हणजे तुमची घंटा मोठी आणि पुढची छोटी असेल तर तिच्या अगदी लगोलग ओढायचं, डोळ्यांना ती घाई वाटते तरीही. उलट तुम्ही छोटीवर आणि पुढे टेनर असेल तर थांबा, अजून थोडं थांबा, मग ओढा. आठ घंटांमध्ये दोन ठोक्यांतलं अंतर साधारण पाव सेकंद असतं, त्यामुळे दिसणाऱ्या अंतरावर विसंबलात की गेलात. डोळे फक्त क्रमासाठी, वेळ कानाने पकडायची.

चर्चमध्ये लोकांच्या गाण्याला साथ करणारा ऑर्गन शिकणाऱ्यांचंही हेच दुखणं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ५० मीटरवर बसलेल्या लोकांना तुमचा सूर उशिरा पोचतो आणि त्यांचं गाणं तुमच्यापर्यंत आणखी उशिरा परत येतं, सगळं मिळून पाव सेकंदाहून जास्त. त्यांच्यासाठी थांबत गेलात तर प्रत्येक कडव्याला गाणं रेंगाळतं. थांबायचं नाही, आपली लय धरून पुढे जायचं.

मोबाईलवर मेथडची (घंटांचा क्रम बदलत वाजवायच्या ठरावीक रचनेची) ब्लू लाइन, म्हणजे त्यात आपल्या घंटेची जागा दाखवणारी रेघ, घोकून लवकर पुढे जाता येतं असं सांगणारे भेटतील, माझं स्पष्ट मत आहे की राउंड्स स्वच्छ येईपर्यंत प्लेन हंटला, म्हणजे क्रम बदलायच्या सगळ्यात सोप्या प्रकारालाही, हात लावू नये. आणि "होईल हळूहळू" एवढंच म्हणणारा गुरू नको, "तुझा बॅकस्ट्रोक उशिरा पडतोय" असं तोंडावर सांगणारा शोधा, वाईट वाटेल पण तोच शिकवतो. वूस्टरला टॉवरमध्येच शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या छोट्या घंटा आहेत, आवाज कॉम्प्युटरमधून येतो, त्यामुळे शेजाऱ्यांना त्रास न देता हवं तितकं चुकता येतं. अशी सोय मिळाली तर सोडू नका.

पुण्यातल्यांसाठी एक गोष्ट, गुरुवार पेठेतल्या पंचहौद चर्चच्या टॉवरमध्ये अशाच पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या आठ घंटा आहेत, इंग्लंडला जायच्या आधी तो टॉवर बघून घ्या.

आणि एकाच टॉवरवर हात बसला की दुसरीकडेही जा. प्रत्येक ठिकाणी घंटांची वजनं वेगळी, त्यामुळे ही अंतरं पुन्हा कानाने शोधावी लागतात, पहिल्या दिवशी सगळं विस्कटतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बसायला लागतं.