विज्ञानाचा पाठ घ्यायला जाण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेचे छात्राध्यापक माझ्या वर्गावर पाठ घ्यायला येतात. पाठटाचण सुरेख असतं, तक्ते रंगीत असतात. पण विज्ञानाचा तास बहुतेक जण एकाच पद्धतीने सुरू करतात: फळ्यावर 'बाष्पीभवन', खाली व्याख्या, मग वेळ उरला तर प्रयोग. माझं आग्रहाचं सांगणं आहे, हा क्रम उलटा करा.

दोन बशांत सारखं पाणी घ्या, एकीवर काचेचं झाकण घाला आणि दोन्ही उन्हात ठेवा. उघड्या बशीतलं पाणी आटलं की ते कुठं गेलं, एवढंच विचारा आणि थांबा. "बशीनं पिलं", "सूर्यानं ओढलं" अशी उत्तरं येतील. सगळी फळ्यावर लिहा, एकही पुसू नका. मग झाकलेली बशी पुढं करा आणि विचारा, हिनं का नाही पिलं? मुलं आपसांत भांडायला लागतात, झाकणाच्या आतले थेंब कुणीतरी शोधून काढतं. व्याख्या आता सांगा.

तासगावकडची शाळा मिळाली तर बेदाण्याची शेड सोडू नका. द्राक्षं वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, हे तिथल्या कितीतरी मुलांनी पाहिलेलं असतं. का बुडवतात? सालीवरचा मेणचट थर पाणी आत अडवून धरतो. द्रावणामुळे तो अडसर कमी होतो आणि द्राक्ष लवकर वाळतं. बशीतलाच धडा, पण घरच्या धंद्यातला. तंत्रज्ञान शिकवायला प्रोजेक्टरच हवा असं मानणाऱ्यांनी ही शेड एकदा बघावी.

मापनासाठी सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल आहेच. नदीच्या पाण्याची ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे आकडे पावसाळ्यात घरोघरी बोलले जातात. रोजची पातळी मुलांकडून वहीत उतरवून घ्या आणि आलेख काढायला लावा.

एका प्रयोगाबद्दल मात्र सावध राहा. पाण्याच्या ताटात पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी चढतं, आणि 'ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली' असं सांगून पाठ संपतो. हे स्पष्टीकरण टिकत नाही. ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच ज्योत विझते. पाणी चढतं ते मुख्यतः तापलेली हवा गार होऊन आकसते म्हणून. त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावून पाहा: ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. पाचवी-सहावीच्या मुलांना हा फरक समजतो, त्यांना कमी लेखू नका.

प्रयोग आदल्या दिवशी त्याच साहित्यावर करून बघा. पेटवायचं काही असेल तर पाण्याची बादली जवळ हवी, आणि काडी तुमच्याच हातात.

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण परिसर अभ्यासाला आहेत. त्यासाठी गाईड पाठ करण्यापेक्षा बालभारतीच्या पुस्तकांतल्या 'करून पहा' चौकटी स्वतः करा.

पाठाच्या वेळी मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलेल्या मैत्रिणीला एक काम सांगून ठेवा: मुलं काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. पुढच्या पाठाचं टाचण त्या कागदावरून काढा.