सुरीच्या मुठीसाठी आबनूस वाळवायचंय? आधी वजनकाटा काढा

पहिली चूक माझीच सांगतो. आबनुसाचा (एबनी, काळं जड लाकूड) ठोकळा मागवला, चारही बाजूंनी मेण लावलेला, छान काळाभोर, मला वाटलं तयार माल आहे, मेण खरवडलं आणि एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवून दिला. नाशिकचं एप्रिलचं ऊन, संध्याकाळी बघतो तर टोकापासून मधोमध चीर, नख जाईल एवढी. आई म्हणाली, पापड आहेत का ते उन्हात घालायला?

तर मेण लावलेला ठोकळा म्हणजे वाळलेला ठोकळा नव्हे, उलट बऱ्याचदा आतून ओला असतो म्हणूनच मेण लावतात. लाकडातलं पाणी टोकांकडून खूप जोरात निघतं, बाजूंनी हळू, आणि टोक आधी आकसलं की फाटतं. म्हणून मेण फक्त बाजूंचं काढा, टोकांचं राहू द्या. टोक उघडं असेल तर साधी मेणबत्ती वितळवून (गरम पाण्यात भांडं ठेवून, डायरेक्ट गॅसवर नको, पेट घेतं) टोक सेंटीमीटरभर बुडवा. फेव्हिकॉलचे दोन-तीन जाड हात दिले तरी चालतं.

साइज मोठीच ठेवा. मूठ १२० बाय ३० बाय २० मिमीची हवी असेल तर ठोकळा १४० बाय ४० बाय ३०, कारण थोडं आकसणार, थोडं वाकणार आणि टोकं तर कापून टाकायचीच आहेत.

आता ठेवायचा कुठे, तर सावलीत. आपल्याकडे निफाड-पिंपळगावला बेदाणा कसा शेडमध्ये जाळीवर, हवा खेळती ठेवून वाळवतात, तसंच. मी कपाटावर दोन पट्ट्यांवर ठेवतो म्हणजे खालूनही हवा लागते, पंख्याखाली नाही. मायक्रोवेव्हचा शॉर्टकट आबनुसाला तरी करू नका.

किचनचा एक ग्रॅमवाला काटा घ्या आणि दर रविवारी वजन करून ठोकळ्यावरच पेन्सिलीने तारखेसकट लिहा (काळ्यावर दिसत नाही, मी मास्किंग टेप चिकटवतो). माझ्या दुसऱ्या ठोकळ्याचं १९६ पासून सुरू झालं, मग १९१, १८७, शेवटी १७० ला येऊन महिनाभर हललं नाही, तेव्हा वाळला म्हणायचं. इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे पण तो अंदाज, काटा खरा.

जुलैमध्ये वजन दोन-तीन ग्रॅम वाढलेलं दिसेल, घाबरू नका, पावसाळी हवेतलं पाणी ओढतं ते. फक्त त्या दिवसांत मूठ चिकटवू नका. फुगलेल्या लाकडावर घासून लेव्हल केलेली मूठ मार्चमध्ये आकसते आणि मुठीच्या आतून जाणाऱ्या पात्याच्या पोलादाची कड बाहेर येऊन बोटाला टोचायला लागते. माझ्या स्वयंपाकघरातली एक सुरी अजून टोचते.

घासताना मास्क घाला, आबनुसाची आणि शिसवाची धूळ नाकाला, कातडीला फार त्रास देते.