रसग्रहण शिकवताना या चुका टाळा

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायला बसलं की दुसऱ्या गठ्ठ्यापर्यंत एक वाक्य पाठ होऊन जातं: ‘कवीने साध्यासोप्या, ओघवत्या भाषेत आशय मांडला आहे.’ कविता अभंग असो की मुक्तछंद, वाक्य तेच. एका वर्षी तर कवयित्रीच्या कवितेलाही ‘कवीने’च आलं. चिडून एकीची वही मागवली. दिवाळीनंतर मीच ते वाक्य फळ्यावर लिहून दिलं होतं, ‘हे कुठेही चालतं’ असं सांगून.

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, रसग्रहणाला (कवितेच्या ओळींतलं सौंदर्य उलगडून दाखवण्याला) ४ गुण असतात. तेवढ्यासाठी पोरं गाईड घोकतात म्हणून आपण ओरडतो, पण आपण दिलेली तयार टिपणं तरी दुसरं काय असतात?

अर्थ लिहिला की रसग्रहण झालं, हा समज

तुकोबांची ही ओळ घ्या:

आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें । शब्दांचींच शस्त्रें यत्नें करूं ॥

बहुतेक मुलं लिहितात, ‘संत तुकाराम म्हणतात की आमच्या घरी शब्दांची रत्ने हेच धन आहे व आम्ही शब्दांची शस्त्रे करू.’ हा झाला अन्वय, म्हणजे ओळीचं सरळ गद्य. आशयाचा थोडाफार गुण मिळेल, बाकीचे गेले.

मी ओळ फळ्यावर लिहिते, ‘शब्दांचींच’मधल्या ‘च’भोवती खडूने गोल काढते आणि विचारते, हा पुसला तर? ‘शब्दांची रत्ने’ म्हटलं तर घरात सोनंनाणंही असू शकतं. ‘शब्दांचीच’ म्हटलं की घरात दुसरं काही नाही हे कळतं, आणि त्याची खंतही नाही हेही कळतं. एका अक्षरात गरिबी आणि ऐट दोन्ही. मग पुढचा प्रश्न: रत्न कुठे ठेवतात? पेटीत. शस्त्र? हातात. मग एकच शब्द दोन्हीकडे कसा? इथे हमखास मागच्या बाकावरून कुणीतरी बोलतं. शेवटी ‘यत्नें’वर यायचं: रत्नं घरात आहेतच, शस्त्रं मात्र कष्टाने घडवावी लागतात. आशय, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य, तिन्ही मुद्द्यांना पुरेल एवढा ऐवज या एका ओळीत निघतो. अख्खा तास गेला तरी जाऊ द्या. पोर्शन मागे पडतो हे मान्य, माझाही पडतो.

अलंकाराचं नुसतं नाव

‘येथे रूपक अलंकार आहे.’ पूर्णविराम. पुढे काहीच नाही. मुलांना विचारा, ‘रत्नांसारखे शब्द’ असं का नाही म्हटलं? ‘सारखे’ आलं की शब्द वेगळा, रत्न वेगळं राहतं. इथे शब्द हेच रत्न आहे, उपमेय (शब्द) आणि उपमान (रत्न) यांत फट उरलेली नाही. माझ्या वर्गात नियम आहे: अलंकाराच्या नावापुढे ‘त्यामुळे’ लिहायचंच. पहिले काही दिवस ‘त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढते’ असंच येतं. ते खोडायचं आणि वही परत द्यायची. न कंटाळता.

यमकाचंही तसंच. मुलं ते ओळीच्या शेवटीच शोधतात आणि ‘यमक नाही’ लिहून मोकळी होतात. मोठ्या अभंगात ६, ६, ६, ४ अक्षरांचे चार चरण असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळतं, इथे ‘रत्नें’ आणि ‘शस्त्रें’. टाळी धरून म्हणून घ्या, डोळ्यांआधी कानाला सापडतं.

स्वमत म्हणजे काहीही

उताऱ्यावर स्वतःचं मत मांडायच्या प्रश्नाला ‘मला हा विचार खूप आवडला’ हे मत झालं, उत्तर नाही. उताऱ्यातला एक तपशील आणि स्वतःच्या पाहण्यातला एक प्रसंग, एवढं आलं तरी पुरे.

व्याकरणाला वेगळा वार

भाषाभ्यासाला १६ गुण, म्हणून आपण शुक्रवारी व्याकरण घेतो आणि सोमवारी कविता. मग मुलांना दोन्हींचा संबंध लागत नाही. ‘तो रोज व्यायाम करतो’ याचं नकारार्थी करा म्हटलं की ‘तो रोज व्यायाम करत नाही’ असं येतं. अर्थ तोच ठेवायचा आहे हे कानीकपाळी ओरडलं तरी! ‘तो एकही दिवस व्यायाम चुकवत नाही’ हे नियम पाठ करून सुचत नाही. ज्याने ‘च’ पुसून पाहिलाय, त्याला एका शब्दाने अर्थ कुठे सरकतो ते दिसतं, आणि मग ते सुचतं.

वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करतानाही पळवाटा निघतात. गेल्या चाचणीत एकाने लिहिलं होतं, ‘आईने मला कंबर कसणे या वाक्प्रचाराचा अर्थ समजावून सांगितला.’ वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी बराच वेळ लाल पेन हातात धरून बसले आणि शून्य दिला.