900 पानं पुरवून वाचताना

मी 35 वर्षं प्रूफं तपासली. त्यामुळे पुस्तक हातात आलं की ते आधी वाचत नाही, मधोमध उघडून टेबलावर ठेवते. तसंच पडून राहिलं तर जुजबंदी बांधणी, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्याने शिवलेले. आपोआप मिटायला लागलं तर नुसता गोंद. दीडशे पानांना गोंद पुरतो, पण तीन-चार कादंबऱ्या एकत्र बांधलेल्या जाड ठोकळ्याला पुरत नाही, आणि विनोदी पुस्तकाला तर मुळीच नाही, कारण हसताना पुस्तकही हलतं. वुडहाउस या इंग्रज विनोदी लेखकाच्या माझ्याकडच्या एका संग्रहातली दोन पानं ऐन चोरीच्या प्रसंगात सुटून पलंगाखाली गेली आणि चोरी कोणी केली हे मला चार दिवसांनी कळलं.

तेव्हा अभिजात ब्रिटिश विनोदी लेखकांच्या एकत्रित आवृत्त्या घेताना तीन गोष्टी बघा: शिवण, शिवणीकडचा समास आणि टाइपाचा आकार. आतला समास अरुंद असेल तर ओळीची शेवटची अक्षरं खाचेत जातात, आणि या मंडळींचा विनोद बहुतेक वेळा ओळीच्या शेवटच्या शब्दावर असतो. वाचताना मांडीवर उशी घ्या, उशीवर पुस्तक. उताणं पडून वाचू नका. 900 पानं नाकावर पडली की कोणताही लेखक विनोदी वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. असा संग्रह सलग वाचायचा नसतो. मला हे उशिरा कळलं. एकदा तापाने आठवडाभर पडून होते आणि वुडहाउसच्या जीव्ह्ज या चतुर नोकराच्या तीन कादंबऱ्या एकापाठोपाठ एक वाचून काढल्या. तिसरीत आत्याबाईंची तार कधी येणार हे मला त्याचा मालक बर्टी वूस्टर याच्या आधी कळायला लागलं. वुडहाउसचा साचा ठरलेला आहे. कुणाची तरी सोयरीक मोडायची किंवा जुळवायची असते, कुणाच्या तरी घरातून काहीतरी लांबवायचं असतं, आणि बर्टीची एखादी हौस जीव्ह्जला खपत नसते. ‘थँक यू, जीव्ह्ज’मध्ये ती बॅन्जोलेले नावाचं तंतुवाद्य वाजवण्याची असते, ‘राइट हो, जीव्ह्ज’मध्ये पांढऱ्या मेस जॅकेटची, पुढे कधीतरी मिशीची. शेवटी जीव्ह्ज सगळ्यांना सोडवतो आणि ती हौस निमूटपणे जाते. सलग वाचलं तर हा छापा वाटतो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ दिले तर तोच प्रकार समेसारखा येतो. येणार हे ठाऊक असतं आणि तरी मान डोलते.

पण अंतर फार पडलं तरी नुकसानच. बर्टीच्या ड्रोन्स क्लबच्या पोहण्याच्या तलावावर लोंबणाऱ्या कड्या धरून पलीकडे जाण्याची पैज, टपी ग्लॉसॉप या मित्राने शेवटची कडी मागे अडकवून ठेवलेली, आणि बर्टी पूर्ण पोशाखात पाण्यात. ही जखम बर्टी पुस्तकामागून पुस्तक उगाळत राहतो. शाळेत मिळालेल्या बायबलज्ञानाच्या बक्षिसाचंही तसंच. सुटं पुस्तक वाचणाऱ्याला ही एक ओळ असते, संग्रह वाचणाऱ्याला जुनी ओळख. म्हणून मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार शब्द टिपून ठेवते: ‘डाहलिया आत्या, प्रेमळ, आवाज मोठा, अगाथा आत्या, पळा.’ एवढं पुरतं.

क्रमाबद्दल. ‘द इनिमिटेबल जीव्ह्ज’ 1923चं आणि ‘कॅरी ऑन, जीव्ह्ज’ 1925चं, तरी सुरुवात दुसऱ्यापासून करा. जीव्ह्ज नोकरीवर कसा रुजू झाला ती गोष्ट त्यात पहिलीच आहे. (त्याचं अगदी पहिलं दर्शन 1915च्या एका कथेत झालं होतं, पण तिथे त्याच्या वाट्याला दोनच वाक्यं आहेत.) ‘राइट हो, जीव्ह्ज’ 1934चं. ते ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’च्या, म्हणजे 1938च्या आधी वाचलंच पाहिजे, नाहीतर बर्टीचा मित्र गसी फिंक-नॉटल आणि मॅडेलिन बॅसेट यांचं प्रकरण अर्ध्यातून सुरू होतं. वुडहाउसची दुसरी मालिका ब्लँडिंग्ज नावाच्या वाड्यातली; त्या बाजूला ‘समर लायटनिंग’ आणि ‘हेवी वेदर’ ही जोडी फोडू नका. आणि जीव्ह्जला बटलर म्हणू नका. तो एका माणसाचा खासगी सेवक, व्हॅले. बटलर म्हणजे ब्लँडिंग्जचा बीच, अख्ख्या घराचा कारभारी.

नावांचाही सापळा आहे. अमेरिकेतल्या आवृत्त्यांची शीर्षकं वेगळी असत. ‘समर लायटनिंग’ तिकडे ‘फिश प्रिफर्ड’ झालं, ‘राइट हो, जीव्ह्ज’ झालं ‘ब्रिंकली मॅनर’, आणि ‘जॉय इन द मॉर्निंग’ झालं ‘जीव्ह्ज इन द मॉर्निंग’. हे शेवटचं मी नवीन म्हणून आणलं आणि वीस पानांनंतर आपल्याला पुढचं सगळं सुचतंय म्हणून स्वतःवर खूश झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेल्या बाईने हे सांगू नये, पण तुमचा खर्च वाचेल. घेण्याआधी शीर्षकपानाची मागची बाजू बघा, मूळ नाव तिथे बारीक टाइपात असतं.

ई. एफ. बेन्सनच्या मॅप-लुसिया मालिकेसाठी मात्र एकत्रित आवृत्तीच हवी. सहा पुस्तकं, 1920 ते 1939. पहिल्या पुस्तकात लुसिया तिच्या खेड्यात राज्य करते, दुसऱ्यात मिस मॅप तिच्या गावात. तिसऱ्यात पुन्हा एकटी लुसिया, लंडनला गेलेली. दोघी समोरासमोर येतात थेट चौथ्यात, 1931मध्ये. सगळे चौथ्यापासून सुरू करा म्हणतात. मी म्हणते, नको. तीन पुस्तकं एकेकीचा कावेबाजपणा ओळखून घेतला असेल तर पहिल्या भेटीतल्या गोड बोलण्यातला प्रत्येक शब्द टोचतो. लुसिया इटालियन येत असल्याचा आव आणते, पण तिची शिदोरी पाच-दहा शब्दांची; ते ती कुठे कुठे पेरते यावर नजर ठेवा. मिस मॅपचं टिलिंग म्हणजे ससेक्समधलं राय हे खरं गाव, आणि बेन्सन स्वतः 1934 ते 1937 तिथला महापौर होता. शेजाऱ्यांवर एवढं लिहून निवडून आला, याचं मला लेखनापेक्षा जास्त कौतुक आहे.

याच मालिकेमुळे माझा एक नियम झाला: प्रस्तावना शेवटी वाचायची. कुण्या विद्वानाने स्वयंपाकघरातल्या टेबलाचं काय होतं ते तिसऱ्याच पानावर सांगून टाकलं होतं. मी सांगणार नाही.

डिकन्सचं ‘पिकविक पेपर्स’ जाड आहे म्हणून लोक घाबरतात. पण ते एका बैठकीसाठी लिहिलंच नव्हतं. 1836 ते 1837 दर महिन्याला एक शिलिंगाचा अंक निघे, त्यात दोन-तीन प्रकरणं आणि चित्रं. काही आवृत्त्यांत हप्ता कुठे संपला त्याच्या खुणा असतात, तशी मिळाली तर उत्तम. मी आठवड्याला एक हप्ता वाचला. सुरुवात रखडते, ते मान्य. दहाव्या प्रकरणात बूट पॉलिश करणारा सॅम वेलर येईपर्यंत धीर धरा. तेव्हाच्या वाचकांनाही तोच भावला आणि खप शेवटी 40,000च्या घरात गेला. शिलिंग म्हणजे 12 पेन्स आणि 20 शिलिंगांचा पौंड, एवढा हिशोब डोक्यात ठेवा, बाकी टिपा सोडून दिल्या तरी चालतं.

साकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या कथा चार-पाच पानांच्या. रात्री एकच. तो क्रूर आहे, आणि दोन वाचल्या की दुसरीचा डंख बोथट होतो.

ग्रोस्मिथ बंधूंचं ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ 1892चं, पातळसं, तेव्हा बऱ्याचदा कशाच्या तरी जोडीला बांधलेलं मिळतं. जोडी कुणाचीही असो, आधी हे वाचा, आणि वीडन ग्रोस्मिथची चित्रं नसतील तर घेऊच नका. मिस्टर पूटरला लाल एनॅमलचा डबा मिळतो आणि तो कुंड्या, मोलकरणीच्या खोलीतलं कपाट, झिजलेल्या शेक्सपिअरच्या पाठी आणि शेवटी न्हाणीचा टब रंगवतो. पुस्तकांच्या पाठी! ते वाचून मला आधी खरोखर राग आला होता.

आणि यातलं काहीतरी मोठ्याने वाचा. वुडहाउसचं वाक्य लांब असतं आणि त्याचा तोल जिभेवर कळतो, डोळ्याला निसटतो. ‘राइट हो, जीव्ह्ज’मधला मार्केट स्नॉड्सबरी शाळेचा बक्षीस समारंभ घ्या, जिथे आयुष्यात पहिल्यांदाच प्यालेला गसी मुलांना बक्षिसं वाटतो. मी बहिणीला दोनदा वाचून दाखवायला बसले. पहिल्यांदा पी. के. पर्व्हिसच्या नावाशीच अडकले. दुसऱ्यांदा जी. जी. सिमन्सपर्यंत पोचले, आणि तिने पुस्तक हातातून काढून घेतलं, कारण पुढचे शब्द तिला कळेनात. बर्टीच्या त्या बक्षिसावरचा आरोप अजून दोन परिच्छेद पुढे आहे.