बाळंतिणींचा व्हॉट्सॲप गट कसा चालवावा

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी गेली की सासरच्या आशाताईंची साथ सुटते आणि माहेरच्या आशाताईंना ती नवखी असते. फोन मात्र दोन्ही घरी सोबत असतो. म्हणून बाळंतपणाची वाट न बघता मुलींना सातव्या महिन्यातच अंगावर पाजायला मदत करणाऱ्या या गटात घ्या. जन्मानंतर तासाभरात बाळ अंगावर घ्यायचं, चीक पिळून टाकायचा नाही, मध-गुटी चाटवायची नाही, हे प्रसूतीच्या दिवशी सांगेपर्यंत मधाचं बोट चाटवून झालेलं असतं.

तीस-पस्तीसजणी पुरेत. गट शंभरावर गेला की फुलांच्या शुभेच्छा वाढतात आणि रात्री अडीचला विचारलेला प्रश्न सकाळी कुणाला सापडत नाही. दर आठ-दहा जणींमागे एक सखी नेमा. तिने स्वतः निदान सहा महिने अंगावर पाजलेलं असावं आणि तिला ऐकून घेता यावं. एखादी नर्स किंवा बालरोगतज्ज्ञ पाठीशी असावी, पण तिने गटात रोज बोलू नये. डॉक्टर बोलायला लागले की बाकीच्या गप्प बसतात.

गटात घेण्याआधी प्रत्येकीला विचारा, फोन कोणाचा आहे? नवऱ्याचा असेल तर वेळ ठरवून तिच्याशी फोनवरच बोला. गटात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, हेही आधी सांगा. पाजतानाचे फोटो गटावर टाकू द्यायचे नाहीत. पकड, म्हणजे बाळ तोंडात छाती कशी धरतं, ते बघायचंच असेल तर सखीने व्हिडिओ कॉल करावा. पावडरचे डबे, बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या बाळांचे तयार खाऊ यांची जाहिरात किंवा फुकट नमुने दिसले की लगेच काढा. १९९२च्या कायद्याने आणि २००३च्या दुरुस्तीने ते बंदच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडर देणाऱ्या आईला मात्र कुणी टोचून बोलायचं नाही.

आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. सखीने निदान यांतल्या पहिल्या तीन दिवशी (३, ७ आणि १४ व्या) स्वतःहून विचारपूस करावी. तिसरा दिवस अवघड असतो. दवाखान्यातून नुकतंच घरी आलेलं असतं, दूध उतरून छाती दाटते, बाळाला पकड जमत नाही आणि घरात कुणीतरी पावडरचा डबा आणायला निघालेलं असतं.

गटात सगळ्यात जास्त येणारा निरोप म्हणजे ‘दूध पुरत नाही’. त्यावर लगेच शतावरी, मेथीचे लाडू, अळीव यांचा पाऊस पडतो. सखीने तो थांबवून आधी विचारावं: बाळ किती दिवसांचं? चोवीस तासांत किती वेळा पाजलं? शू किती वेळा? जन्माचं वजन किती, आत्ताचं किती? वरचं काही दिलं का? पाजताना दुखतं का?

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं हवं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून शू सहा किंवा जास्त वेळा व्हायला हवी. डायपरमध्ये मोजता येत नाही, म्हणून एक दिवस लंगोट बांधायला सांगा. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. हे जमत असेल तर दूध पुरतंय. संध्याकाळी बाळ तासन्‌तास चिकटून राहणं आणि किरकिरणं या वयात नेहमीचं. शू किंवा वजन मात्र एवढं होत नसेल तर गटात चर्चा नको, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

‘रात्री फक्त एक बाटली’ हा सल्ला कुठे नेतो, हे सगळ्यांना एकदा नीट समजावा. बाटलीने बाळ लांब झोपतं, तेवढा वेळ छाती रिकामी होत नाही आणि भरलेल्या छातीत दूध बनणं मंदावतं. दोन-चार दिवसांत दूध खरंच कमी होतं आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरतं.

दुखण्याचं मूळ बहुतेकदा पकडीत असतं. मिनिटभराचा व्हॉइस मेसेज लेखी सूचनांपेक्षा कामाला येतो, कारण तेव्हा हात मोकळे नसतात. त्यात एवढंच सांगा: बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक निपलसमोर. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा, मग हनुवटी आधी टेकू द्या. खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसायला हवा. तरी दुखलं तर ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. छाती दगडासारखी झाली असेल तर आधी हाताने थोडं दूध पिळून काळा भाग मऊ करा. ताप आणि लाल चट्टा दिसला तर डॉक्टर गाठा, पण पाजणं थांबवू नका.

एक मेसेज कायम वर पिन केलेला हवा: बाळ पीत नाही, सुस्त आहे, ताप आहे किंवा अंग गार पडलंय, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे दिसतात. यातलं काहीही असेल तर गटात टाइप करत बसू नका, १०८ किंवा १०२ला फोन करा.

उष्टावणानंतर प्रश्न बदलतात. सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमचे खिमटाने सुरुवात करा. ८ महिन्यांपर्यंत दिवसातून २-३ वेळा, वाढवत अर्धी वाटी (२५० मिलीची). ९ ते ११ महिन्यांत ३-४ वेळा अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी आणि मधे खाऊ. अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा पुढेही चालू राहू द्या. इथली नेहमीची गफलत म्हणजे वरणाचं पाणी आणि पातळ पेज. पोट पाण्याने भरतं, वजन हलत नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांना वाटीचा फोटो टाकायला सांगा, चमचा तिरका धरलेला. घास ओघळला तर पातळ आहे. डाळ, अंडं, चमचाभर तूप घाला. मध वर्षाच्या आत अजिबात नाही.

कामावर परतणाऱ्यांसाठी: पिळलेलं दूध झाकून खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास. ते उकळायचं नाही, भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. बोंडलं (चोचीची छोटी वाटी) वापरत असाल तर चोच आतून घासून उकळून घ्या. गटातल्या गटात दूध देणंघेणं नको. दान द्यायचं-घ्यायचं ते दुग्धपेढीतूनच, तिथे तपासणी आणि पाश्चरीकरण होतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात अशी पेढी १९८९पासून आहे.

बाळ दोन वर्षांचं झालं की आईला गटातून मोकळं करा. ज्यांना पाजताना सगळ्यात जास्त अडचणी आल्या आणि तरी निभावलं, त्यांतल्या दोघी-तिघींना पुढच्या गटाच्या सख्या व्हायला विचारा.