सीझनच्या पाळ्यांत मन सांभाळायचं, तर आधी झोप

ऑक्टोबर ते मार्च गोव्यात कळंगुट-कोलव्याच्या हॉटेलांत पर्यटनाचा सीझन अंगावर येतो. वेर्णे-कुंडईच्या कारखान्यांत आणि मोपा विमानतळावर रात्रपाळी बाराही महिने असते. चिडचिड वाढली, हिशेबात चुका होऊ लागल्या, घरी पोरांवर आवाज चढू लागला की माणूस स्वतःच्या स्वभावाला दोष देतो. पाळीच्या नोकरीत हा बिघाड पुष्कळदा झोपेतून सुरू होतो, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करा.

सलग चार-पाच रात्री असतील आणि तुम्ही सकाळी 8 ते दुपारी 3 झोपत असाल, तर मधल्या सुटीला पहाटे 4 ते दुपारी 12 झोपा. 8 ते 12 हे चार तास दोन्हीकडे तेच राहतात आणि शरीराचं घड्याळ फार हलत नाही. सुटीला एकदम रात्री दहाला अंथरुणावर पडलात, तर पुढच्या रात्रपाळीला पहिल्यापासून सुरुवात. मात्र आठवड्यात एक-दोनच रात्री असतील तर हा खटाटोप नको. सकाळी तीन-चार तास झोपून उठा आणि त्या रात्री नेहमीच्या वेळी झोपा.

चहा-कॉफी झोपेच्या निदान सहा तास आधी बंद. सकाळी आठला झोपणाऱ्याचा शेवटचा कप रात्री दोनचा. पहाटे 3 ते 5 हा सर्वांत जड काळ. त्याआधी मिळालेल्या ब्रेकमध्ये 20 मिनिटं डोळे मिटा, पण अर्ध्या तासापुढे जाऊ नका, नाहीतर उठल्यावर डोकं बधिर राहतं. उठल्यावरही यंत्राला हात लावण्याआधी पंधरा मिनिटं जाऊ द्या. रात्री दोनला पोटभर भात-हुमण (माशांची आमटी) खाल्लं की गुंगी येते आणि छातीत जळजळते. मुख्य जेवण पाळीआधी घ्या. सकाळी डोळे मिटत असतील तर स्कूटर काढू नका. आधी तिथेच वीस मिनिटं झोपा, किंवा बसने जा.

ब्रेक शिफ्टमध्ये, म्हणजे दोन भागांत विभागलेल्या पाळीत, दुपारचे मोकळे तास मोबाईलवर जातात. ते झोपेला द्या. स्टाफ क्वार्टरच्या गोंगाटात इअरप्लग, डोळ्यांवर पट्टी आणि दारावर ‘नाईट’ अशी चिठ्ठी लावणं या साध्या गोष्टींनी खूप फरक पडतो.

ड्युटी संपल्यावर एक पेग घेतला की झोप लवकर लागते हे खरं. पण उत्तररात्री तीच दारू झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. गोव्यात दारू सहज हाताशी असते, त्यामुळे ही सवय कधी लागली ते कळतही नाही. झोपेसाठी दारू लागते आहे असं दिसलं, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं लक्षण समजा.

वरिष्ठांशी बोलताना ‘खूप ताण आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्यावर त्यांना काही करता येत नाही. रोस्टर (पाळ्यांचं वेळापत्रक) समोर ठेवून नेमकं मागा: दोन पाळ्यांत 11 तासांचं अंतर, पाळी बदलताना सकाळ-दुपार-रात्र असा क्रम (उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो), आणि रोस्टर निदान आठवडाभर आधी. मागणी लेखी द्या.

झोप सुधारूनही दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिलं, आवडीच्या कशातच रस उरला नाही, भूक किंवा एकाग्रता गेली, तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. बांबोळीला मनोविकार संस्थेत ओपीडी आहे. ‘तिथे गेलो तर नोकरीवर कळेल’ ही भीती अनेकांना अडवते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क देतो. कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका. 14416 लावा, धोका समोर दिसत असेल तर रुग्णवाहिकेचा 108.

डॉक्टरांकडे जाताना रोस्टरचा फोटो न्या. काही गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे त्या कधी घ्यायच्या हे पाळीवर ठरतं. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून मनाने बंद करू नका, आणि बरं वाटू लागल्यावरही डॉक्टरांना विचारूनच थांबवा.