कॉलेजच्या लिनक्स प्रॅक्टिकलची तयारी घरी कशी करायची

बीएस्सी आयटी किंवा सीएसला असाल आणि लॅबमधला काळा टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची ती खिडकी, बघून धडकी भरत असेल, तर आधी घरी लिनक्स आणा, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज उडवायची गरज नाहीये, व्हर्च्युअलबॉक्स टाका, म्हणजे विंडोजच्या आतच दुसरी सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यात उबुंटू हा लिनक्सचा प्रकार चालवा, दोन्ही फुकट आहेत. रॅम 4 जीबीच असेल तर लुबुंटू, म्हणजे उबुंटूचा हलका भाऊ, घ्या, किंवा मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवरून 16 जीबीचा पेनड्राइव्ह आणून त्यात लिनक्स टाका आणि त्यावरूनच बूट करा.

पहिला आठवडा फक्त पीडब्ल्यूडी (pwd), एलएस (ls) आणि सीडी (cd) या तीन कमांड, म्हणजे मी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, इथे काय काय आहे, आणि तिकडे कसं जायचं. लिनक्सला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात, निम्म्या चुका तिथेच होतात. आरएम (rm) या डिलीट करायच्या कमांडने उडवलेली फाइल ट्रॅशमध्ये जात नाही हो, म्हणून आधी एलएस मारून बघाच.

पोरं खरी अडकतात ती परमिशनमध्ये, म्हणजे फाइल कोणी वाचायची, बदलायची किंवा चालवायची हे ठरवण्यात. रीड म्हणजे 4, राइट 2, एक्झिक्यूट 1, आणि यांची बेरीज तीनदा करायची, मालकासाठी, ग्रुपसाठी, मग बाकीच्यांसाठी. म्हणजे 754 लिहिलं तर मालकाला सगळं, ग्रुपला वाचणं आणि चालवणं, इतरांना नुसतं वाचणं. हे पाठ नका करू, लोकलमध्ये उभ्या उभ्या मनातल्या मनात 640, 755 सोडवत राहा, चार दिवसांत बोटावर येतं.

कमांड कशी वापरायची ते विसरलात तर मॅन (man) लिहून पुढे तिचं नाव टाका, माहिती उघडेल, बाहेर यायला क्यू (q) दाबा.